अर्धं रान करारावर

सप्टेंबर अर्धा सरला की पार उत्तरेकडच्या सेंट ओडिल गावात शाळेला कुलूप लागतं. साथ नसते, सण नसतो. बटाटा काढायचा असतो. पोरं रानात, मास्तर रानात, शाळेची बस चालवणाराही बटाट्याच्या ट्रकवर. जमीन गोठायच्या आत माल कोठारात पडला तर वर्ष हाताला लागलं, नाहीतर मातीतलं मातीत राहिलं.

रेनेल लेव्हेक ह्या काढणीतच वाढली. गायलन आणि कॉरिन लेव्हेकची ही थोरली पोर. उंच, खांद्यानं रुंद, बोलायला कमी आणि बोलली तर तोडून बोलणारी. लहानपणी बापाच्या मागं मागं सरीतनं चालायची आणि विचारत सुटायची. ह्या तुकड्यातला बटाटा गुळगुळीत निघतो, बांधापलीकडच्याला खरूज लागते, असं का? गायलन म्हणायचा, "आसंच आसतंय." पोरीला ते पटायचं नाही. एकदा तिनं दर तुकड्याची माती आईच्या लोणच्याच्या बरण्यांत भरून खिडकीत मांडली. कॉरिननं बरण्या रित्या केल्या नि पोरीचा कानही पिळला. प्रश्न मात्र गेला नाही, पोरीबरोबर वाढत राहिला.

आता ती सतरा वर्षांची होती. शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि काढणीच्या यंत्रावर बटाट्यातले दगड निवडत उभी असताना डोक्यात दुसरंच काही दळण चाललं होतं.

बड्या कॉलेजांची तिकडं एक रीत आहे. सगळ्यांच्या आधी, नोव्हेंबर लागताच, एका कॉलेजाला आगाऊ अर्ज करता येतो. एकालाच. त्यात वचन द्यायचं, की तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकी सगळ्यांना रामराम. बदल्यात कॉलेज तो अर्ज लवकर बघतं आणि जरा मायेनं बघतं. तो हुकला की मग जानेवारीत साऱ्या जत्रेबरोबर रांगेत उभं राहायचं.

रेनेलच्या मनात दोन नावं होती. एक हॅलोवे, खाली समुद्रकाठचं, जुनं, नावाजलेलं. दहांनी दार ठोठावलं तर एकाला आत घेणारं. गावातल्या औषधवाल्याचा पोरगा पूर्वी कधीतरी हॅलोवेला गेला आणि बॉस्टनात मोठा सर्जन झाला. त्याची गोष्ट गाव अजून चघळत होतं. रेनेलला मार्क चांगले पडतात म्हटल्यावर चर्चमधल्या फादरपासून पेट्रोल पंपावरच्या बाईपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, ही हॅलोवेला जाणार. खोटं कशाला बोला, ऐकायला रेनेललाही गोड लागायचं.

दुसरं होतं मारबरी, व्हरमाँटच्या डोंगरात. गावात कुणी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. तिला ते शाळेच्या ग्रंथालयात एका पुस्तिकेत सापडलं. तिथं मातीचा, नुसत्या मातीचा, चार वर्षांचा अभ्यास होता. हे वाचून ती पुस्तिका तिनं तशीच धरून ठेवली होती, घंटा झाली तरी.

"अगं ए, दगडं सोडतीयास आन बटाटं फेकतीयास! ध्यान कुठाय तुजं?" पट्ट्याच्या खडखडाटातनं क्लोव्हिस आजा ओरडला. वय ऐंशीच्या पुढं, तरी काढणीला यंत्रावर हटकून यायचा आणि नातीच्या समोरच उभा राहायचा.

"कालेजात."

"आजून गेली न्हाईस तर ही गत. गेल्यावर आमाला वळख तरी देशील का?"

दुपारी ट्रकच्या आडोशाला सगळे जेवायला बसले. कॉरिननं प्लॉयच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, धिरड्यांची चवड फडक्यात बांधून दिली होती, बरोबर डुकराच्या खिम्याचा डबा. धिरड्याला खिमा फासायचा, गुंडाळी करायची आणि चिखलाच्या हातानंच तोंडात कोंबायची. रेनेलनं खाता खाता आपलं गाऱ्हाणं मांडलं. दोन नावं, वचन एक. कुठं द्यायचं?

गायलन बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "वचनाचं मला इचारू नगंस. एका साली म्या समदं रान करारावर घातलं. फ्रेंच फ्राईजवाल्या कारखान्याला भाव बांधून सही दिली तवा रानात गुडघाभर बर्फ हुतं. आन काढणीला मोकळ्या बाजारात भाव आसा चढला, की बिनकराराच्या शेजाऱ्यानं, त्या ऊलेतनं, नवी गाडी घेतली. माज्या दारावरनं जाताना हळू चालवायचा. मुद्दाम."

"आन फुडल्या साली भाव पडला, तवा ऊलेत रडत आल्ता, त्ये न्हाई सांगायचास," आजा म्हणाला.

"म्हून तर आता अर्धं रान करारावर, अर्धं मोकळं. कारखाना दोन आसलं तर दोघांस्नी थोडं थोडं. कुनी एक बुडला तर मानूस समदाच बुडत न्हाई."

आजानं बोट चाटलं आणि नातीकडं वळला. "झालं की मग! तू बी तसंच कर. एक वचन हितं, एक तितं. ज्यो आधी हो म्हनंल त्यो आपला."

रेनेलला हे इतकं सरळ वाटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही ह्याचाच तिला राग आला. तिच्या घराण्यात चार पिढ्या असंच चाललं होतं. त्यात लबाडी आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. काढणी संपायच्या आतच तिनं कॉम्प्युटरवर दोन्ही अर्ज भरायला घेतले. हॅलोवेला आगाऊ वचन, मारबरीलाही आगाऊ वचन. आणि दोन्हीकडं शाळेची सही मागितली.

शाळा उघडली त्याच दिवशी ट्रास्कबाईंनी तिला बोलावलं. पोरांना कॉलेजची वाट दाखवायचं काम ह्या बाईंचं. बाई खालच्या अंगाच्या, समुद्राकडच्या. वीस वर्षं इथं राहूनही गाव त्यांना नवीनच समजायचं.

"बस," बाई म्हणाल्या. "नाही, थांब, बसायच्या आधी सांग. लग्न किती जणांशी करणार आहेस?"

"काय?"

"हॅलोवेला शब्द दिलास, मारबरीला शब्द दिलास. आणि ही मुलगी दुसरीकडे शब्द देणार नाही असं मी दोन्हीकडे सहीनिशी लिहून देऊ?"

"आमी... अर्धं अर्धं..." रेनेल पुटपुटली.

"तुझं अर्धं कुठलं? कमरेवरचं हॅलोवेला आणि खालचं मारबरीला?"

रेनेलचे कान बिटासारखे लाल झाले. तिनं कराराचं, अर्ध्या रानाचं सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग हसू आवरून पुढं वाकल्या.

"हे बघ. हे त्यांना कळलं तर दोघंही तुला बाहेर काढतील. ते एक वेळ सोड, तू कुठंतरी निभावशील. पण पुढच्या वर्षी ह्या शाळेतून दुसरं कुणी अर्ज करेल तेव्हा ते म्हणतील, सेंट ओडिल? तिथं शब्दाला किंमत नाही. रानाचे तुकडे पडतात गं. तू एकटीच आहेस. एक नाव पुस आणि मग ये. आणि ह्यावर तुझ्या वडिलांचीही सही लागते. त्यांना माहीत आहे?"

वडिलांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं. गायलननं काटा ताटात ठेवला.

"माजी सही? आन किंमत किती?"

"ती मागनं कळती. घेतल्यावर."

"म्हंजे आधी वचन, मग भाव. आन दुसऱ्याचा भाव इचारायचाच न्हाई. कारखानावाला बी येवढा उंडगा नसतोय."

"हार्वेस्टर घेताना पाच मिंटांत सही ठोकलीस," कॉरिन चुलीकडनंच म्हणाली. "मला इचारलंस? घरी आल्यावर कळालं मला, त्ये बी त्याचं चाक अंगणात रुतलं म्हून."

"त्यो मानूस मला म्हाईत हुता. त्याचा हात हातात घेटला हुता."

"मग ह्येंचा बी घे जा. गाडी हाय, रस्ता हाय. बटाटं आत पडल्यात. हितं बसून कुनाला दाखवतोस सोताचं त्वांड?"

गायलननं काटा पुन्हा उचलला. कॉरिन दिवसभर म्हाताऱ्यांच्या आश्रमात शंभर जणांचा स्वयंपाक रांधून येते. संध्याकाळी तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नसते. मग तो म्हणाला, "दोन्ही बगू. जितं मला हात द्यावासा वाटंल तितं सही. कुटंच न्हाई वाटलं तर न्हाई."  म्हणजे आता नुसतं नाव निवडून भागणार नव्हतं.

शनिवारी अंधारातच ट्रक निघाला. आजाला कुणी बोलावलं नव्हतं. तो आधीच मधल्या सीटवर धिरड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेला होता.

हॅलोवे ऐकलं होतं तसंच निघालं, चित्रातल्यासारखं. दगडी इमारती, मोठाली झाडं, पायाखाली गालिचासारखं गवत. एक हसरी पोरगी पाहुण्यांच्या घोळक्यापुढं उलटी चालत, म्हणजे पाठीमागं पाय टाकत, सगळं दाखवत होती. आजाचा जीव तिच्यातच गुंतला. "पोरी, मागं पायरी हाय गं! आगं म्होरं बगून चाल!" ती म्हणाली, सवय आहे. "सवय आसली तरी पायरीला ठावं हाय का?"

गायलन गवताकडं बघत होता. "येवढं गवत आन एक गाय न्हाई."

वाईट कुणीच वागलं नाही. अर्ज बघणाऱ्या बाईंनी तिघांना कॉफी दिली. "तुला इथं काय आवडलं?" असं विचारल्यावर रेनेल म्हणाली, लहान वर्ग आवडले, शिक्षकांशी जवळून बोलता येईल. पुस्तिकेत तसंच छापलेलं होतं. बाईंनी मान डोलावली. रेनेल दिवसभर सगळं बरोबर बोलली. शब्द तोलून, गावाकडचा हेल गिळून, खांदे आवळून. परत ट्रकमध्ये बसली तेव्हा तिची मान दुखत होती.

बराच रस्ता मागं पडल्यावर गायलननं विचारलं, "तितं बोलत कोन हुतं गं?"

"मीच की."

"मला वाटलं टीव्ही लागलाय."

 हॅलोवे तिला नावडलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पंपावर गाडीत तेल भरताना कुणी विचारावं आणि आपण "हॅलोवे" म्हणावं, हे चित्र अजून तिच्या डोळ्यांपुढं तसंच होतं.

वाटेत एका स्वस्त मोटेलात पाठ टेकून रविवारी दुपारच्या आत ते मारबरीला पोचले. हे कॉलेज म्हणजे टेकडीवर विखुरलेल्या लाकडी इमारती, त्यातल्या दोनांचा रंग उडालेला. दाखवायला कुणी उलटं चालत आलं नाही. दारावरचा माणूस म्हणाला, मातीवाली पोरं मागच्या रानात आहेत, माती ओळखायच्या स्पर्धेचा सराव चाललाय, तिकडंच जा.

मागच्या रानात माणूसभर खोल खड्डा खणलेला. आत चिखलानं माखलेली चार पोरं भिंतीला नाक लावून उभी होती. माती चिमटीत घ्यायची, थुंकीनं भिजवायची, बोटावर चोळायची. रेनेल काठावर वाकली. खड्ड्याच्या भिंतीत वर काळी माती, खाली एक पांढुरका करडा पट्टा, त्याच्या खाली तांबडं.

"आमच्यात बी हाय ह्यो," ती एकदम म्हणाली. "राखंचा थर. पूर्वी जंगल जळलं त्याची राख."

खालून एका कुरळ्या केसांच्या पोरीनं वर बघितलं. तिचं नाव टोवा. "सगळे तेच म्हणतात. पण राख नाही ती."

"हाय. शंभर वर्सं आमी नांगरतूय तिच्यात."

"मग उतर खाली आणि दाखव राख."

रेनेलनं उडी टाकली. अंगावर शाळेच्या समारंभासाठी घेतलेली बरी पँट होती. गायलननं डोळे मिटून घेतले. टोवानं त्या पट्ट्यातली माती तिच्या तळहातावर ठेवली. "चोळ. राख अशी खरखरते का? ही वाळू आहे, धुतलेली. पानं कुजतात, त्यांतलं आंबट पाणी वरून उतरतं, मातीचा रंग सोडवतं आणि खाली नेऊन बसवतं. हा बघ, हा तांबडा थर. इथं येऊन बसलाय तो."

रेनेलनं चोळलं. पुन्हा चोळलं. जिभेवर सुद्धा ठेवून बघितलं. "आमचा आजा म्हनतो राख."

"मग आजाला सांग जाऊन."

"आजा हितंच हाय!" वरनं आवाज आला. "आन राखच हाय ती! माज्या बापानं वणवा डोळ्यांनी बगितलाय!"

खड्ड्यातली पोरं हसायला लागली, आणि रेनेलही. तिला चुकल्याची लाज वाटायची राहूनच गेली होती. तिचं डोकं भलतीकडंच धावत होतं. रंग धुऊन निघतो, तर आणखी काय काय धुऊन निघत असेल? तिनं बांधाअलीकडच्या नि पलीकडच्या बटाट्यांचं विचारलं. खरूज एकीकडंच का? टोवाला येईना. मग रबरी बूट घातलेल्या एक मास्तरीणबाई आल्या, नाव लिडिया वॉर्नर. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, दोन उलटे प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "थोडं आम्हाला माहीत आहे. मातीचा आंबटपणा एक, ओल एक. पण तू म्हणतेस तसं एकाच शिवारात, एका बांधावर? ते कुणालाच पुरतं कळलेलं नाही अजून."

कुणालाच! रेनेलनं तो पट्टा पुन्हा बोटानं चाचपला. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की उत्तर कुठंतरी लिहून ठेवलंय आणि आपल्यालाच तेवढं ठाऊक नाही.

ती खड्ड्यातनं निघेना तेव्हा गायलन एकटाच ऑफिसकडं गेला. रविवारी तिथं पैशांच्या मदतीचं बघणारा एक टकला माणूस पाहुण्यांसाठी बसलेला होता. गायलननं टोपी काढली नाही.

"माज्याकडं रान हाय, यंत्र हाय, आन बँकेत कायबी न्हाई. तुमी मला शिरीमंत धरनार का गरीब?"

"रान हिशोबात येतं," तो माणूस म्हणाला. "पण पोट भरायचं रान विका असं आम्ही म्हणत नाही. तुमचे आकडे पाठवा, अर्जाच्या आधीच अंदाज सांगतो. खरा आकडा मात्र घेतल्यावर."

"आन त्यो झेपला न्हाई तर?"

"तर वचनातनं मोकळं करतो. तेवढी एक वाट ठेवलेली असते. पण फक्त तेवढ्यासाठी. दुसरं कॉलेज जास्त देईल असं वाटलं म्हणून नाही."

"ह्ये कागदावर हाय?"

माणसानं कागद फिरवून दाखवला. गायलननं बोट ठेवून वाचला, सावकाश, ओठ हलवत. मग टेबलावरनं हात पुढं केला.

परतीच्या रस्त्यानं आजा अर्धा रस्ता राखेवर भांडत होता आणि उरलेला अर्धा झोपला. गायलननं पोरीला काही विचारलं नाही. तिच्या बऱ्या पँटवरचा चिखल वाळून सीटवर सांडत होता. शेवटी रेनेलच म्हणाली, "मारबरी."

"इचार केलास?"

"हॅलोवे मला नाव सांगायला पायजे हुतं, बा. ऱ्हायाला न्हवं."

"गाव इचारंल."

"इचारू दे." आणि जरा वेळानं, "बोचतंय थोडं."

"बोचनारच की. चांगलं रान सोडलं तरी बोचतंय," गायलन म्हणाला आणि गिअर बदलला.

मारबरीच्या माणसाचा अंदाज आला; कॉरिननं तो स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला आणि म्हणाली, वडून तानून बसंल. रेनेलनं हॅलोवेचं नाव पुसलं. पुसायला एक कळ दाबावी लागते, त्यासाठी ती खुर्चीत चांगला वेळ बसून होती. ट्रास्कबाईंनी सही केली. गायलनला मात्र सही म्हणजे कॉम्प्युटरवर नुसतं नाव टंकायचं, हे पटेना. "ह्येला सही म्हनत्यात? माज्या नावानं कुनीबी टंकंल की." तरी त्यानं एका बोटानं, एकेक अक्षर शोधून, आपलं आख्खं नाव टंकलं आणि बरोबर आहे का हे कॉरिनकडनं दोनदा वाचून घेतलं.

मग वाट बघणं आलं. नोव्हेंबर गेला. रेनेल शाळा सुटल्यावर कोठारात बटाटे निवडायची, घरी जास्तच चिडचिड करायची. "न्हाई म्हनलं तर?" कॉरिननं एकदा विचारलं. "तर जानेवारीत पुन्यांदा मागीन. त्येंच्याकडं न्हाई तर दुसऱ्याकडं. माती समदीकडं हाय," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या दिवशी जेवली नाही.

उत्तर आलं त्या दिवशी सकाळपासनं बर्फ कोसळत होतं. गायलन गावाच्या गाडीवर रस्ते मोकळे करायला गेलेला; हिवाळ्यात तो तेच काम करतो. रेनेलनं घरात पडद्यावर वाचलं, आईला दाखवलं, पुन्हा वाचलं आणि कोट अंगात घालत रस्त्यावर धावली. पिवळा दिवा फिरवत गाडी वळणावरनं आली. गायलननं ब्रेक मारला, काच खाली केली.

"काय गं? कोन मेलं?"

"घेटलं!"

 "आन आकडा?"

"त्येंनी सांगितल्यापरीस जरा कमीच हाय. आई रडतीया."

"रडू दे तिला. चढ."

ती चढली. फाळ खाली पडला आणि बर्फ दोन्ही अंगांनी उडायला लागलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की गायलन लेव्हेक विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तरी अर्धंच बोलतो. त्या दिवशी तो पहिल्याच घरापाशी थांबला. ऊलेत अंगणात फावडं घेऊन बर्फ ओढत होता. गायलननं काच खाली केली.

"पोरीला कालेज मिळालं."

"आरं वा! हॅलोवे?"

"न्हाई. मारबरी."

"त्ये कुटं आलं?"

गायलननं अंगठ्यानं शेजारी दाखवलं. "तिलाच इचार." आणि इंजिन चालूच ठेवून मागं रेलला.

रेनेल खिडकीकडं वाकली आणि सांगायला लागली. व्हरमाँट, डोंगर, मातीचा अभ्यास. ऊलेत म्हणाला, माती शिकायला कालेज लागतंय व्हय? ती म्हणाली, तुमच्या बांधाला तो पांढरा थर हाय का, तो राखंचा न्हाई बरं का. ऊलेतनं फावडं खाली ठेवलं. "राख न्हाई तर काय हाय?"

पुढच्या घराला पोचायला त्यांना चांगलाच उशीर झाला, आणि रस्ता मागनं पुन्हा बर्फानं भरत आला होता.